तलावाचे पाणी तांबडे का झाले?

मे महिन्यातली गोष्ट. नवी मुंबईतील एका वसाहतीत पोहण्याचा तलाव भरायचा होता. नळाचे पाणी पुरेना, म्हणून विंधन-विहिरीचे पाणी सोडले. संध्याकाळी पाणी काचेसारखे नितळ होते. रात्री नेहमीप्रमाणे क्लोरीन टाकला. सकाळी पाहतात तो पाणी चहासारखे तांबडे आणि पायऱ्यांवर डाग! तलावाची देखभाल करणाऱ्या मुलानेच भलते औषध टाकले, असे सर्वांनी ठरवून टाकले. त्याचा पगार कापण्याची भाषा सुरू झाली. दोष कोणाचा, हे ठरवायला तेथे आरडाओरडा चालला होता. वास्तविक चार परीक्षानळ्या पुरे होत्या.

लोह लपते कसे?

आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, यात लोहाची ऑक्साइडे १० टक्क्यांहून अधिक असतात. जमिनीत खोलवर प्राणवायू नसतो. तेथे लोह ‘फेरस’ रूपात पाण्यात विरघळते. या रूपात ते थोड्या प्रमाणात असले, तर पाण्याला रंग दिसत नाही. विहिरीचा लोखंडी नळ गंजला असेल तर त्यात आणखी भर पडते. हवा किंवा क्लोरीन मिळताच फेरसचे ‘फेरिक’ होते आणि फेरिक हायड्रॉक्साइडचा तांबूस साका तयार होतो.

थोडे गणित करू. तलाव २५ मीटर लांब, १० मीटर रुंद व १.२ मीटर खोल आहे असे समजा. त्यात ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर पाणी मावते. लिटरला केवळ १ मिलिग्रॅम लोह असले, तरी एकूण लोह ३०० ग्रॅम झाले! लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह गेले की कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडू लागतात.

लोहाची परीक्षा

तीन परीक्षानळ्या घ्या. पहिलीत विहिरीचे, दुसरीत नळाचे आणि तिसरीत ऊर्ध्वपातित पाणी प्रत्येकी १० मिलिलिटर घाला. प्रत्येकीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५ थेंब, हायड्रोजन पेरॉक्साइडचे २ थेंब व शेवटी पोटॅशियम थायोसायनेटच्या द्रावणाचे ५ थेंब टाका. लाल रंग आला तर लोह आहे. नळ्या पांढऱ्या कागदावर उभ्या धरून वरून पाहा, म्हणजे फिका रंगही कळेल.

तिसरी नळी कशाला? बाजारी आम्लातच लोह असू शकते. तिसरी नळीही लाल झाली, तर दोष पाण्याचा नसून आम्लाचा! पेरॉक्साइड न घालता एक नळी करून पाहा. तेथे लाली कमी दिसली, तर लोह फेरस रूपात होते असे समजा.

तांब्याची परीक्षा

शेवाळ मारण्यासाठी काही ठिकाणी मोरचूद टाकतात, त्यातून पाण्यात तांबे येते. तलाव निळा दिसतो म्हणून मात्र तांबे आहे असे समजू नका. पाणी स्वतःच तांबडा प्रकाश किंचित शोषून घेते, त्यामुळे खोल पाणी निळसर दिसते. तेच पेल्यात घेतले की रंगहीन!

अर्धा लिटर पाण्यात आम्लाचे थोडे थेंब टाकून ते १० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. तांबे ५० पट दाट झाले. गार झाल्यावर अमोनियाचे द्रावण वास टिकेपर्यंत घाला. तांबूस साका बसला तर ते लोह. तो गाळून काढा. खालचे पाणी निळे दिसले तर तांबे.

डागांची परीक्षा

तांबूस डाग बहुधा लोहाचा, काळपट मँगॅनीजचा व निळा-हिरवा तांब्याचा असतो. गुलमोहराची फुले आणि पाने कुजूनही तपकिरी डाग पडतो. ओल्या डागावर क जीवनसत्त्वाची गोळी थोडा वेळ दाबून धरा. लोहाचा डाग फिका पडेल, कारण फेरिकचे पुन्हा विद्राव्य फेरस होते. कपड्यावरचा गंज आजी लिंबाने काढते, तोही याच जातीचा उपाय. पानांचा डाग गोळीला दाद देत नाही. तो विरंजक चूर्णाच्या पाण्याने जातो.

सावधान! विरंजक चूर्णात लिंबू किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. सर्व प्रयोग शिक्षकांसमोर, हवेशीर जागी व डोळ्यांवर चष्मा लावून करा.

त्या वसाहतीत काय झाले? क्लोरीन न घातलेले विहिरीचे पाणी तपासताच पहिली नळी लालभडक झाली. उरलेल्या दोन्ही तशाच राहिल्या. मुलाने क्लोरीन बरोबर मापाने टाकला होता. लोह आधीपासूनच पाण्यात होते, क्लोरीनने ते फक्त उघडे केले. मग तुरटी टाकून साका तळाशी बसवला, तो उपसून काढला व पाणी गाळून घेतले. मुलाचा पगार वाचला.

विचार करा

१. क्लोरीन टाकला नसता, तर पाणी कधीच तांबडे झाले नसते का?

२. विंधन-विहिरीच्या पाण्यातील लोह तलावात सोडण्यापूर्वीच कसे काढता येईल?