घरभाडे, दुरुस्ती आणि पुनर्विकास : मुंबईच्या जुन्या इमारतींचा धडा

वाढत्या शहरात घरभाडी भडकू लागली की ती कायद्याने रोखावीत, अशी मागणी साहजिकच पुढे येते. परंतु भाडे रोखल्यानंतर इमारतीची दुरुस्ती कोणी व कोणत्या पैशातून करावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिल्यास काय घडते, हे मुंबई शहरातील जुन्या चाळी व इमारतींच्या इतिहासावरून दिसून येते.

गोठलेले भाडे

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर स्थिर केले. त्यामुळे गिरणी कामगार, कारकून व लहान दुकानदार यांना मनमानी भाडेवाढीपासून संरक्षण मिळाले. तथापि चुना, सिमेंट, लाकूड व मजुरी यांचे दर वाढत गेले. भाडे मात्र जागचे हलले नाही. मिळकतीतून जिना दुरुस्त करणेही परवडेना, तेव्हा अनेक मालकांनी इमारतीकडे पाठ फिरविली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. राहत्या कुटुंबांना आधार लाभला. परंतु जागा परत मिळणार नाही, या भीतीने काही मालक घरे बंदच ठेवू लागले. नव्याने येणाऱ्यास घर मिळणे त्यामुळे अधिक कठीण झाले.

दुरुस्तीचा उपकर

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. त्या वेळी १९,६४२ इमारती उपकराच्या कक्षेत आल्या. बांधकामाच्या काळानुसार त्यांचे अ, ब व क असे तीन वर्ग करण्यात आले. १९७७ पासून हे काम म्हाडाकडे आहे. दुरुस्तीने इमारतीचे आयुष्य वाढते, परंतु त्यालाही मर्यादा असते.

३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. हिशेब केला तर तिचा आवाका ध्यानात येतो. ३० रुपयांचे मासिक भाडे या दराने पंचवीस वर्षांनी सुमारे ८० रुपये होते. एवढ्या रकमेत छताची गळती थांबविणेही अवघड.

पुनर्विकास आणि संक्रमण

म्हणून पुनर्विकासाचा मार्ग पुढे आला. विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ३३(७) नुसार विकासकास वाढीव चटई क्षेत्र मिळते. त्यातून तो जुन्या रहिवाशांना विनामूल्य घरे देतो व उरलेली जागा विकून खर्च भागवितो. मुंबईच्या २०३४ च्या नियमावलीत निवासी भाडेकरूस किमान ३०० चौरस फूट जागेची तरतूद आहे.

खरी कसोटी मधल्या काळात लागते. एकाच वस्तीतील अनेक इमारती एकदम रिकाम्या झाल्या की शेकडो कुटुंबे जवळपासच भाड्याचे घर शोधतात. मुलांची शाळा व नोकरी दोन्ही तेथेच असतात. मागणी वाढून भाडी चढतात आणि विकासकाने ठरविलेली रक्कम अपुरी पडते. ती रक्कम थांबली किंवा काम रखडले, तर तात्पुरते स्थलांतर वर्षानुवर्षे लांबते. याच धास्तीने काही कुटुंबे धोकादायक इमारत सोडत नाहीत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक जणांचे प्राण गेले. ती पुनर्विकास क्षेत्रातीलच होती आणि तिच्यातील काही कुटुंबे आधीच अन्यत्र गेली होती.

इतर शहरांसाठी बोध

मुंबईपुरता हा प्रश्न मर्यादित राहिलेला नाही. मोठ्या गावांतही बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. भाडे ठरविताना दुरुस्तीचा वाटा त्यातच धरला पाहिजे आणि इमारतीची तपासणी वेळच्या वेळी झाली पाहिजे. भाड्याचा व परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक असून त्याची जबाबदारी मालकावर आहे, हे नागरिकांना समजावून सांगणे इष्ट होय. पुनर्विकासास संमती देण्यापूर्वी रहिवाशांनी नव्या घराचे क्षेत्र, संक्रमण काळातील भाडे, काम पूर्ण होण्याची मुदत आणि नंतरचा देखभाल खर्च या चार बाबी करारात स्पष्ट करून घ्याव्यात. उद्वाहन, पाणी व सफाई यांचा मासिक खर्च न पेलल्यामुळे मिळालेले नवे घर विकावे लागले, तर भाडेकरूस दिलेले संरक्षण व्यर्थ ठरेल.