शिबिर संपल्यानंतर

वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात विज्ञानाचे प्रयोग सुरू करायचे ठरले की संस्था आधी दोन दिवसांचे शिबिर घेतात. ताई-दादांच्या हाती साहित्याची पेटी आणि पुस्तिका पडते आणि तयारी झाली असे धरले जाते. या कामात वावरल्यावर माझे मत पक्के झाले आहे की खरी तयारी शिबिर संपल्यावर सुरू होते. वर्ग घेणाऱ्या ताईने विज्ञान बहुधा दहावीतच सोडलेले असते. मुलाने आडवा प्रश्न विचारला की तिला उत्तर देऊन मोकळे होण्याची घाई होते आणि प्रयोगाचा पुन्हा धडा होतो.

साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमात असताना रुजवलेला, आगकाड्या आणि सायकलच्या वालट्यूबचा खेळ घ्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो. एक कर्ण जोडला की चौकोन सावरतो, पण बाजूएवढी काडी तिथे पुरत नाही. बाजू ५ सेंटिमीटर असेल तर कर्ण सुमारे ७ सेंटिमीटर लागतो. मग मुले खराट्याची हिरकाडी शोधतात, मोजतात, कापतात. बारा काड्यांचा घन उभा राहायला तर सहा बाजूंना सहा कर्ण द्यावे लागतात. अभियांत्रिकी म्हणतात ती हीच. पुस्तिका पाठ केलेली ताई मात्र ‘त्रिकोण मजबूत असतो’ हे सुरुवातीलाच सांगून टाकते आणि मुलांना शोधायला काही उरत नाही. शिबिरात हे कळत नाही, कारण तिथे समोर मुलेच नसतात. म्हणून वर्गात मागे बसून पाहणारा जाणता माणूस हवा. त्याने साहित्याला हात लावू नये, मध्येच शिकवू लागू नये. वर्ग सुटल्यावर ताईशी एकाच गोष्टीबद्दल बोलावे: चौकोन कलला तेव्हा मुलांना विचार करायला वेळ मिळाला का, आणि पुढच्या वेळी तिथे कोणता प्रश्न टाकता येईल. दहा सूचना एकदम दिल्या तर एकही टिकत नाही.

हे महाग पडते, असा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. पण १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या होशंगाबादच्या कार्यक्रमानेही नुसत्या प्रशिक्षणावर भिस्त ठेवली नव्हती; मासिक बैठका आणि शाळाभेटी त्याचाच भाग होत्या. शिक्षकाचा वर्ग पाहून नंतर त्याच्याशी बोलण्याच्या पद्धतीबद्दलच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शिकवण्याची पद्धत आणि मुलांची प्रगती या दोन्हींत सुधारणा दिसली, मात्र कार्यक्रम मोठा झाला की परिणाम ओसरला. यातले बरेचसे अभ्यास वाचन-लेखनाचे आणि अमेरिकेतले आहेत, हे लक्षात ठेवूनच त्यांचा आधार घ्यावा. दुसरी शंका अशी की मागे कोणी बसले की ताई बिचकतील. बिचकतीलच, जर त्याच माणसाच्या हाती त्यांचे मानधन किंवा मूल्यमापन असेल. वर्गात बसून मदत करणे आणि मूल्यमापन करणे ही दोन कामे एका व्यक्तीकडे कधीही देऊ नयेत. ताईंऐवजी विज्ञानाचे पदवीधरच नेमावेत, हा सल्लाही मला पटत नाही. वस्तीतली मुले ज्या ताईंना ओळखतात त्यांना बाजूला सारून आणलेला जाणकार महिन्याभरात निघून गेला, तर वर्ग पोरका होतो.

पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक करताना दहा पेट्या कमी घ्या, पण प्रत्येक ताईच्या वर्गात महिन्यातून दोनदा बसेल अशा एका माणसाच्या मानधनाची तरतूद आधी करा.