फसली 1340चा कागद

आमच्या अंबड तालुक्यातल्या शेतावर भावकीतल्या काहींनी हक्क सांगितला. त्यांच्याकडे निजामाच्या शिक्क्याचा, फसली 1340चा उर्दू कागद होता. फसली सालात 590 मिळवले की साधारण इसवी सन निघतं; म्हणजे कागद 1930-31चा. 'एवढा जुना कागद आहे, मग जमीन त्यांचीच,' असं गाव बोलू लागलं आणि आमच्या घरच्या अण्णांचं जेवण तुटलं. उर्दू जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडून तो आम्ही शब्दन् शब्द वाचून घेतला. ती शेतसाऱ्याची पावती निघाली. सारा कूळही भरतं, थोरला भाऊही सगळ्यांच्या वतीने भरतो. पावतीने मालकी ठरत नाही.

तेव्हा कागद किती जुना, याच्या आधी तो कशाचा, हे विचारा. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर न्यायालय त्यावरची सही खरी मानू शकतं, पण म्हणून आतला मजकूर खरा ठरत नाही.

मराठवाड्यात खरा आधार 1954-55च्या खासरा पत्रकाचा. त्यात पट्टेदार कोण आणि कब्जा कोणाचा, हे वेगवेगळं पाहा. दोन नावं निराळी असतील तर कूळ होतं का ते शोधा. 1950च्या हैदराबाद कूळ कायद्यातल्या कलम 'अडतीस ई'च्या प्रमाणपत्राने कित्येक कुळं मालक झाली आहेत. इनामाची जमीन असेल तर नुसता मुन्तखब, म्हणजे इनामाचा जुना दाखला, दाखवून भागत नाही. 1954च्या कायद्याने बहुतेक इनामं गेली, धार्मिक संस्थांच्या इनामांचे नियम वेगळे. त्यामुळे त्या इनामाबद्दलचा पुढचा आदेश लागतोच.

मग खासऱ्यापासून आजच्या सातबाऱ्यापर्यंत एकेक फेरफार जोडत या. आमचंही घोडं इथेच अडलं होतं, कारण गटवारीत सर्व्हे नंबर बदलून गट नंबर आले होते. जुन्या-नव्या नंबरांचा उतारा काढला तेव्हा कुठे साखळी जुळली. सातबाऱ्यावरचं नाव महसुलापुरतं असतं, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. खरेदीखत, वाटणीपत्र, हुकूमनामा जपाच.

2023मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं धुंडाळली गेली. त्या निमित्ताने घरी आलेल्या नकला टाकू नका. सर्व्हे नंबर असेल तर त्या शेताच्या फाइलला लावा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून सही-शिक्क्याची नक्कल घ्या, आणि मूळ कागद कुणालाही, अगदी वकिलालाही, पोच घेतल्याशिवाय देऊ नका.