शेडनेटमधलं रोप उन्हाला कसं सरावतं?

प्रश्न : शेडनेटमधली टोमॅटो-मिरचीची रोपं थेट शेतात लावली की दुपारच्या उन्हात माना टाकतात, करपतात. आठवडाभर थोडीथोडी उन्हात ठेवून मग लावली तर त्याच उन्हात तगतात. त्या आठवड्यात रोपाच्या आत काय घडतं?

उत्तर : पानांवरचा मेणचट थर जाड होतो, शेंड्याची लुसलुशीत वाढ मंदावते. हे डोळ्यांना थोडंफार दिसतं. खरी नवलाची गोष्ट पेशीत घडते.

प्रथिन काम करतं ते त्याच्या ठरावीक घडीमुळे. उष्णतेने ही घडी उसवते, उसवलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तशा. हे रोखायला पेशी 'हीट शॉक प्रथिनं' (एचएसपी) तयार करते. त्यातली लहान प्रथिनं उसवलेल्यांना धरून ठेवतात, एचएसपी ७० त्यांची घडी पुन्हा बसवतं, एचएसपी १०१ तर झालेल्या गुठळ्यासुद्धा सोडवतं.

ऊन वाढल्याचं पेशीला कळतं कसं? एरवी एचएसपी ७० हेच ही प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांना चालू करणाऱ्या घटकाला अडवून धरतं. प्रथिनं उसवू लागली की ते तिकडे धावतं, अडवलेला घटक मोकळा होतो आणि काही मिनिटांत नवी कुमक तयार होऊ लागते. म्हणजे नुकसान हीच सूचना! मला ही रचना फार सुंदर वाटते.

पण कुमक उभी राहायला वेळ लागतो. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात जो की या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या अंकुरांवर हे दाखवलं. २८ अंशांवर वाढलेले अंकुर एकदम ४५ अंशांत दोन तास ठेवले तर मरत. आधी दोन तास ४० अंशांत ठेवले, तर तेच ४५ अंश सोसत. ४० अंशांना नेहमीच्या प्रथिनांचं उत्पादन घटतं आणि ही संरक्षक प्रथिनं भराभर बनतात. एकदम ४५ अंशांत गेलेल्या पेशीत मात्र प्रथिनं बनवण्याचं कामच जवळजवळ ठप्प होतं. तुमची थेट लावलेली रोपं याच कोंडीत सापडतात, त्यात उपटताना मुळंही तुटलेली असतात. म्हणून नेट टप्प्याटप्प्याने काढा, पाणी कमी करा पण रोप सुकू देऊ नका, आणि लावणी संध्याकाळी करा.

हे संरक्षण कायमचं नसतं. हवा थंडावली की काही दिवसांत ते ओसरतं. शिवाय परागकण या बाबतीत फार दुबळे असतात, पानांसारखी जोरदार तयारी त्यांना जमत नाही. त्यामुळे कणखर केलेलं टोमॅटोचं झाड एप्रिलमध्ये हिरवंगार दिसतं, तरी फुलं गळतात. त्यावर रोप असं कणखर करण्याचा (हार्डनिंगचा) उपाय चालत नाही. फुलोरा ऐन उन्हाळ्यात येणार नाही, अशी लागवडीची तारीखच धरावी लागते.