वाचकांचे प्रश्न : पागोळ्यांचे पाणी किती रुपयांना पडते?

प्रश्न : आमचे घर कुणकेश्वरला, समुद्रापासून दीडशेएक मीटरवर. घरात पाच माणसे, कौलारू छप्पर साधारण 900 चौरस फुटांचे. मार्च संपता संपता विहीर मचूळ होते. ते पाणी आंघोळीला, भांड्यांना चालवून घेतो. पण पिण्यासाठी हंगामात आठ छोटे टँकर घ्यावे लागतात, 2,000 लिटरचा एक, 1,200 रुपयांना. मुलगा दोन खोल्यांत होमस्टे सुरू करायचे म्हणतो. एका ठेकेदाराने अंगणात जमिनीखाली 50 हजार लिटरची काँक्रीटची टाकी 2 लाख 85 हजारांत सांगितली आहे. अनुदानही मिळवून देतो म्हणाला. करावे का? परवानगी लागेल का?
— एक वाचक, कुणकेश्वर (ता. देवगड)

उत्तर : पाणी जरूर साठवा, पण ही टाकी बांधू नका.

तुमच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरायला हरकत नाही. 900 चौरस फूट म्हणजे सुमारे 84 चौरस मीटर. वाया जाणारे वीस टक्के सोडले तरी छपरावरून 1 लाख 68 हजार लिटर पाणी वाहून जाते. हा आकडा ऐकला की माणूस मोठ्या टाकीच्या मागे लागतो, आणि ठेकेदारही तोच आकडा आधी सांगतो. पण टाकीचा आकार पावसावरून नाही, कोरड्या दिवसांवरून ठरवायचा. मार्चअखेरपासून मिरगाचा पाऊस नीट लागेपर्यंत 75 दिवस धरा. पिणे आणि रांधणे यांसाठी माणशी 20 लिटर ही सढळ हाताची मोजणी झाली. पाच माणसांचे रोजचे 100, म्हणजे 7,500 लिटर. पाहुण्यांसाठी आणखी अडीच हजार. दहा हजार लिटरच्या वर तुम्हाला गरज नाही. बाकीच्या कामांना विहीर आहेच.

‘एवढे पाणी जमिनीत जिरवले तर विहीर टिकणार नाही का,’ असेही लोक विचारतात. पावसाळ्यात टाकी भरल्यावर ओसंडणारे पाणी खडी-वाळूच्या शोषखड्ड्यातून विहिरीकडे वळवा, खर्च थोडाच आहे. पण त्याच्या भरवशावर मे महिना काढू नका. जांभा सच्छिद्र असतो. आषाढात सड्यावर जिरलेले पाणी झऱ्यांवाटे खाली समुद्राकडे निघून जाते. एवढा पाऊस पडूनही कोकण उन्हाळ्यात तहानेने कासावीस होते ते त्यामुळेच.

आता खर्च. हे आकडे ढोबळ आहेत; देवगड आणि कणकवली, दोन्हीकडची कोटेशने घ्या. पाच हजार लिटरच्या दोन प्लॅस्टिक टाक्या प्रत्येकी 30 ते 40 हजार. चिऱ्यांचा चौथरा 8 ते 10 हजार. दोन्ही वळचणींना मिळून 60 फूट पन्हळ, मजुरीसह फुटाला 200 ते 300, म्हणजे 12 ते 18 हजार. पाइप, गाळणी आणि पहिले पाणी बाजूला काढायचा ड्रम 8 ते 12 हजार. एकूण 88 हजार ते 1 लाख 20 हजार. मध्यावर लाखभर धरू.

टाकीचे पाणी फक्त पिण्यारांधण्याला वापरायचे, बाकी सगळे विहिरीचे, ही शिस्त पाळलीत तर आठही टँकर सुटतील. वर्षाला 9,600 रुपये वाचले. तेच लाख रुपये सात टक्के व्याजाने बँकेत ठेवले असते तर 7,000 मिळाले असते. म्हणजे फायदा आहे, पण बेताचाच. ठेकेदाराच्या टाकीत अडकणाऱ्या 2 लाख 85 हजारांवर मात्र व्याजच 19,950 होते. त्यात वर्षाचे आठ टँकर घेऊनही दहा हजार उरतात! लिटरमागे ती टाकी स्वस्त दिसते खरी, पण जे चाळीस हजार लिटर तुम्ही पिणारच नाही त्याचेही पैसे त्यात आहेत. हात आखडता असेल तर यंदा पन्हळ आणि एकच टाकी करा, दुसरी पुढच्या आगोटीला.

खर्चात काटकसर करायची नाही अशा दोन जागा. पन्हळ पत्र्याची नको. खाऱ्या वाऱ्याने ती गंजणारच. सहा इंची पीव्हीसी घ्या आणि तिचे ब्रॅकेट व खिळे स्टेनलेस स्टीलचे घ्या. दुसरी जागा पहिल्या पावसाची. आठ महिन्यांत कौलांवर मीठ, धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची घाण साचते. छपरावरचे निदान पहिले एक मिलिमीटर, म्हणजे तुमच्या घरी 84 लिटर, टाकीत जाता कामा नये. प्लंबर यासाठी चार इंची पाइपचा तीन मीटरचा उभा तुकडा लावून मोकळे होतात. त्यात जेमतेम 25 लिटर मावते. त्याऐवजी 200 लिटरचा ड्रम लावा आणि खाली तोटी ठेवा. टाकीचे झाकण घट्ट हवे, ओसंडण्याच्या तोंडाला जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास होईल. आणि प्यायचे पाणी उकळूनच प्या. पडवीवर सिमेंटचे पत्रे असतील तर ते पाणी यात घेऊ नका.

परवानगीचे म्हणाल तर पन्हळ आणि चौथऱ्यावरची टाकी यांत सहसा अडचण येत नाही. जमिनीखालच्या टाकीची गोष्ट वेगळी. तुमचे घर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत दिसते. ग्रामीण किनाऱ्यावर हा साधारणपणे सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) ना-विकास पट्टा असतो. तिथे अधिकृत जुन्या घराची मूळ जोत्यावर दुरुस्ती करता येते; अंगण खणून नवे काँक्रीट ओतणे वादात सापडू शकते. होमस्टेला 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेत स्थानिकांसाठी मुभा आहे, मात्र घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलता येत नाही. याच पट्ट्यात भूजल उपशावरही बंधने आहेत. सवलत आहे ती स्थानिकांच्या स्वतःच्या वापरापुरती. पाहुण्यांसाठी बोअर मारायचा बेत असेल तर तो सोडा. छपरावरचे पाणी भूजल नव्हे, ही तुमच्या मुलासाठी सर्वांत जमेची बाजू.

अनुदान हातात लेखी मंजुरी येईपर्यंत हिशोबात धरू नका, आणि त्याच्या नावाखाली कोणाला आगाऊ रक्कम देऊ नका. घरदुरुस्तीचे कर्ज काढलेत तर राहत्या घरावरील व्याजाची वर्षाला 30,000 पर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. बिले जपून ठेवा. पुढे घर विकताना सुधारणेचा खर्च म्हणून ती दाखवता येतात.

प्रश्न : आमच्या मागच्या वळचणीच्या पागोळ्या पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्यांच्या आगरात पडतात. आम्ही पन्हळ लावायला घेतल्यावर ते म्हणतात, या पाण्यावर आमच्या माडांचा हक्क आहे. खरे आहे का?

उत्तर : नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा पाणी पडत असेल, तर ते तिथे पाडण्याचा हक्क तुम्हाला मिळू शकतो. पाणी मिळण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. कलम 50 तर स्पष्टच आहे : ज्याच्या जमिनीवर असा हक्क आहे तो हा हक्क चालूच ठेवा असा आग्रह धरू शकत नाही. शिवाय प्रवाहात न वाहणाऱ्या आणि कुठे कायमच्या न साठलेल्या पृष्ठभागावरील पाण्यावर वहिवाटीने हक्क लागत नाही, असे कलम 17 म्हणते.

मात्र याच कलम 50 मध्ये एक अट आहे. हक्क संपल्याने शेजाऱ्यांच्या जमिनीचे नुकसान होणार असेल, तर त्यांना आपली सोय करता येईल इतकी आधी सूचना द्यायला हवी; ती दिलीत तर भरपाईचा प्रश्न उरत नाही. तेव्हा पन्हळ लावण्यापूर्वी महिनाभर आधी साध्या कागदावर पत्र द्या आणि पोच घ्या. घर भाऊबंदांत सामाईक असेल तर त्यांची संमतीही लेखी घ्या, कारण अशी प्रकरणे शेजाऱ्यापेक्षा चुलतभावाच्या हरकतीनेच जास्त अडतात.