पहिलं पुस्तक देताना

फर्स्ट इयरला असताना माझ्या हातून एक चूक झाली. खूप वाचणाऱ्या माणसांकडून ती हमखास होते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करते.

माझी रूममेट उदगीरकडची. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बारावी सायन्स आणि तिथून थेट मारुंजीच्या ह्या हॉस्टेलवर. अभ्यासाच्या पुस्तकाशिवाय दुसरं एकही पुस्तक तिनं पूर्ण वाचलेलं नव्हतं. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या कपाटात निम्मी जागा कपड्यांची आणि निम्मी फँटसी कादंबऱ्यांची. एका रविवारी दुपारी लाईट गेली, मोबाइल आधीच बंद पडलेला. ती म्हणाली, "अगं, तू ते जाडजाड काय वाचत असतीस? मला बी दे की एखादं."

मी इतकी खूश झाले की विचारच केला नाही. माझं सगळ्यात लाडकं पुस्तक काढून तिच्या हातात ठेवलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', खंड पहिला, इंग्रजीत.

चार दिवसांनी पुस्तक माझ्या टेबलावर परत. खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट अजून प्रस्तावनेतच होतं. ज्यांनी ते पुस्तक वाचलंय त्यांना आठवत असेल, सुरुवातीला हॉबिट लोकांचे रीतिरिवाज, त्यांची घरं आणि त्यांची तंबाखू ह्यावर पानंच्या पानं आहेत. मला ती पानं आवडतात, कारण पुढे काय आहे ते मला माहीत आहे! ती एवढंच म्हणाली, "मला कळंना गेलंय गं. वाचणं आपलं काम नाही." त्याच आठवड्यात मॅथ्सच्या युनिट टेस्टचे मार्क लागले होते आणि क्लासमध्ये इंग्रजीतून प्रश्न विचारला की ती खाली बघायची. न जमणाऱ्या गोष्टींची एक यादी तिच्या डोक्यात तयारच होती. मी त्या यादीत आणखी एक ओळ वाढवली.

हे मला बरेच दिवस टोचत राहिलं. पुस्तक वाईट नव्हतं, ती तर हुशारच आहे. मग चुकलं काय? तर मी मला आवडलेलं पुस्तक दिलं होतं, आणि ते तिला चालेल का हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता.

गंमत म्हणजे ही चूक टाळायची कशी हे टॉल्किनच्या प्रकाशकाला ठाऊक होतं. 'द हॉबिट'चं हस्तलिखित १९३६ साली स्टॅनली अन्विन ह्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. रिपोर्ट लिहायचे त्याला एक शिलिंग मिळाले. रेनरला पुस्तक आवडलं आणि १९३७ साली ते छापून आलं. साठ वर्षांनी 'हॅरी पॉटर'च्या बाबतीतही जवळजवळ हेच झालं. ब्लूम्सबरीच्या नायजेल न्यूटन ह्यांनी पहिलं प्रकरण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिलं, ते संपवून ती पुढचं मागायला लागली. ह्या दोन्ही ठिकाणी समीक्षकाला कोणी विचारलं नाही. पान उलटतंय की नाही, एवढंच पाहिलं.

आता आमच्या खोलीतली दुसरी गोष्ट. नंतर पुन्हा एकदा लाईट गेली (मारुंजीत पावसाळा असला की ह्याला तोटा नाही) आणि अंधारात तिनं मला वेताळाची गोष्ट सांगितली. आजीकडून ऐकलेली. राजा विक्रम झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो, वाटेत वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर! मी कॉम्प्युटरवाली, मला तर हा सरळ 'व्हाइल लूप'च दिसला. आणि एक्झिट कंडिशन किती झकास: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राजालाच येत नाही, म्हणून तो गप्प राहतो आणि लूप तुटतो.

फँटसी म्हणजे तरी वेगळं काय असतं? त्यात काहीही होऊ शकतं असा लोकांचा समज आहे, पण चांगल्या फँटसीत काहीही होत नाही. तिथल्या जादूला बाउंडरी कंडिशन असतात आणि कथा त्या बंधनांवरच उभी राहते. हे सगळं रूममेटला आजीनं सहावीच्या आधीच शिकवलेलं होतं. तिला फँटसी नवी नव्हतीच, नवीन होती ती माझी इंग्रजी.

मग पुढच्या शनिवारी आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात गेलो. हिंजवडीचं ट्रॅफिक पार करून मनपा, तिथून चालत. अर्धा दिवस बसमध्येच गेला. तिथून 'हॅरी पॉटर आणि परीस' आणलं, बाल ऊर्ध्वरेषे ह्यांनी केलेला मराठी अनुवाद. नावातच बघा ना, 'फिलॉसॉफर्स स्टोन'ला परीस! लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडे आधीपासूनच आहे, त्यामुळे नावाखाली तळटीप द्यायची गरजच पडत नाही. तिनं पुस्तक सहा दिवसांत संपवलं. सातव्या दिवशी मेसमध्ये ती मला स्नेपबद्दल भांडत होती.

खरी फजिती त्यानंतर माझी झाली. ती म्हणाली, "आता तू वाच मराठीत." मी ओळीखाली बोट ठेवून वाचत होते! जोडाक्षर आलं की थांबायचं, मोठं वाक्य आलं की पुन्हा मागे. पाच पानांना पाऊण तास. तेव्हा कळलं, तिला त्या तंबाखूच्या प्रस्तावनेत कसं वाटलं असेल ते. पहिलं पुस्तक माणूस ज्या भाषेत स्वप्नं बघतो त्या भाषेतलं असावं, हे माझं मत तिथेच पक्कं झालं. इंग्रजी सुधारायचंय म्हणून इंग्रजीच द्या, असं पुष्कळ जण सांगतात. सुधारा की, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकापासून.

भाषेनंतर बघायची ती लांबी. पहिलं पुस्तक संपलं पाहिजे, कारण 'मी एक पुस्तक संपवलं' ह्याचा जो आनंद असतो तोच पुढचं पुस्तक हातात घ्यायला लावतो. म्हणून दहा खंडांची मालिका कुणाला दाखवूसुद्धा नका. पॉटरचंच बघा, पहिला भाग आटोपशीर आहे आणि गोष्ट तिथल्या तिथे पुरी होते. पाचवा भाग इंग्रजीत सातशेच्या वर पानांचा आहे, पण तिथवर पोचलेल्याला त्याचं ओझं वाटत नाही. 'मेलुहाचे मृत्युंजय' (मूळ इंग्रजी २०१०) मराठीत आहे, भराभर वाचून होतं आणि शिव सगळ्यांच्या ओळखीचा. भाषा मला सपक वाटते, तरी न वाचणाऱ्या मुलांनी ते संपवलेलं मी ह्याच हॉस्टेलवर पाहिलंय. फक्त ते ऐन प्रसंगात थांबतं, तेव्हा दुसरा भाग जवळ ठेवूनच द्या.

ज्याला भीती आवडते त्याला नारायण धारप द्यावेत. 'तुंबाड' (२०१८) बघून तुम्ही घाबरला असाल, तर त्या सिनेमामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची. धारपांच्या 'समर्थ' कथांमध्ये वाईट शक्तीशी लढायचे नियम एखाद्या मॅन्युअलसारखे काटेकोर असतात, त्यामुळे मेकॅनिकलवाल्यांना त्या विशेष आवडतात असा माझा अनुभव आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र वाचू नका.

इंग्रजीकडे वळायचंच असेल तर रश्दींचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' (१९९०). छोटं आहे, आणि त्यातल्या खलनायकाचं नाव खतम-शुद! अर्थ कळायला आपल्याला डिक्शनरी लागत नाही, ती लागते इंग्रजांना. त्यानंतर अर्सुला ली ग्विनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८). त्यात वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता येते. मंत्र ऐकत मोठं झालेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटत नाही. जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' (१९७५) मात्र घाईनं कुणाला देऊ नका. त्यातली 'इस्किलार' वाचायला मला तीन महिने लागले, आणि अजून ती पूर्ण कळली असं म्हणणार नाही.

'फँटसी म्हणजे लहान मुलांचं' असं म्हणणारे सरही आपल्याकडे आहेत. त्यांना नम्रपणे 'ययाति'ची आठवण करून द्यावी. म्हातारपण मुलाला देऊन त्याचं तारुण्य घेणं ही फँटसी नाही तर काय? तरी खांडेकरांच्या त्या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालंच. आणि हिंदीत देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' आली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, अय्यार आणि तिलिस्मनं भरलेली. ती वाचता यावी म्हणून कित्येकांनी हिंदी शिकून घेतली असं सांगतात. तेव्हा चेटूक-जादूच्या पुस्तकाने अक्षरओळख झाली, तर आज एका रूममेटला पुस्तकाची ओळख व्हायला काय हरकत आहे?

द्यायच्या आधी मी आता एकच प्रश्न विचारते: "लहानपणी कुठली गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचास?" उत्तर भुताचं आलं की धारप, राजाराणीचं आलं की पॉटर, देवांचं आलं की मेलुहा. "गोष्ट कुणी सांगितलीच नाही," असं उत्तर आलं तर 'चांदोबा'चा जुना अंक. मराठी 'चांदोबा' १९५२ साली सुरू झाला आणि २०१३च्या सुमारास बंद पडला, पण रद्दीवाल्यांकडे अंक अजून सापडतात. त्यातलं ते चित्र, तलवार घेतलेला विक्रम आणि खांद्यावर वेताळ, शिवशंकरन नावाच्या चित्रकाराचं. ते २०२० साली वारले. एक गोष्ट चार पानांची, जेवायच्या रांगेत संपते.

रूममेट ह्या वर्षी 'द हॉबिट' वाचतेय, इंग्रजीतून, स्वतः मागून घेतलेलं. परवा म्हणाली की बिल्बोनं रिंगणातल्या कोड्यात फसवणूक केली, खिशात काय आहे हे काही कोडं होत नाही. ह्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. 'चांदोबा'चे नऊ अंक सध्या आमच्या खोलीत आहेत. ज्यांना हवेत त्यांनी घेऊन जा, फक्त पानं दुमडू नका आणि मेसमध्ये नेलेत तर आमटीपासून लांब धरा.