सूट किती द्यावी? बोटाने सरकवून पाहण्याचा हिशोब

व्यापारी बांधवांनो, गेल्या रमजानमध्ये शिरूरच्या आमच्या दुकानात आम्ही एक चूक केली. 400 रुपये खरेदीच्या ड्रेसपीसवर 25 टक्के चढवून किंमत 500 ठेवली आणि ईदच्या गर्दीत 25 टक्के सूट जाहीर केली. चढवले तेवढेच सोडले, मुद्दल तरी सुटेल, असा आमचा अंदाज. पण 500 चे 25 टक्के म्हणजे 125. हाती आले 375. दर नगामागे 25 रुपये पदरचे गेले.

दौंडच्या आमच्या मेहुण्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखविला. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सुटीचा तसाच फलक लावला! तेव्हा पुतण्याने मोबाईलवर उघडणारे एक पान तयार केले. खाली सरकपट्टी, वर एक खांब. प्रश्न एकच: सूट न देता 100 नगांवर होणारा नफा मिळवायला सूट देऊन किती नग विकावे लागतील? (कर, भाडे यात धरलेले नाही.) पट्टी 5 टक्क्यांवर नेली की 134 नग, 10 वर 200, 15 वर 400, 19 वर 2000. 20 वर खांबच नाहीसा होतो आणि 'नफा शून्य' अशी अक्षरे येतात. मेहुणे 15 ते 19 मध्ये कितीतरी वेळ बोट फिरवत बसले. फलक त्याच संध्याकाळी उतरला.

पान करणे फार अवघड नाही. एचटीएमएलमध्ये 'रेंज' प्रकारची सरकपट्टी तयारच मिळते, खांब एसव्हीजीने काढता येतो, हिशोबाला जावास्क्रिप्टच्या चार ओळी पुरतात. 10000 ला (100 वजा सुटीची पाचपट) ने भागले की नग निघतात. खरी मेहनत दुसरीकडे आहे. आधी पुतण्याने खरेदी, किंमत व सूट अशा तीन पट्ट्या ठेवल्या होत्या. कशामुळे काय बदलले ते कळेना. म्हणून एकच ठेवली. उत्तर पट्टीच्या खाली होते, ते हाताआड झाकले जाई. म्हणून वर घेतले. आणि खांब शून्यापासूनच उभा करावा. मधूनच सुरू केलेला खांब म्हणजे कमी भरलेले माप, आणि मापात मारणाऱ्यांविषयी सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय ताकीद आहे, हे आपण जाणतो. पट्टी सरकवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला किंवा नोकराला अंदाज विचारावा. अंदाज चुकला की हिशोब लक्षात राहतो.

ही रीत परकी नाही. अल-ख्वारिज्मीने नवव्या शतकात बगदादमध्ये समीकरणे चौकोन काढूनच समजाविली होती. अमेरिकेत नोबेल विजेते कार्ल वाइमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची विज्ञान-गणिताची अशी हलती चित्रे मोफत आहेत, काही मराठीतही. मुलांबरोबर आपणही ती हाताळावीत.

आता पुतण्या शिंपीभावांसाठी पन्ह्याचे पान करीत आहे: 36 इंची कापडाऐवजी 58 इंची घेतले तर किती मीटर वाचते. बाह्या कोठे बसवायच्या, यावर दोघांचा वाद अजून चालू आहे.